मधुमेह्याचें पाऊल आणि उष्णतेचें चित्र

वेदना कोणालाच प्रिय नसते. डोकें दुखूं लागलें कीं आपण गोळी शोधतों, दाढ दुखूं लागली कीं दंतवैद्याचें दार गाठतों, आणि ज्या दिवशीं शरीराचा कोणताहि भाग आपली आठवण करून देत नाहीं तो दिवस सुखाचा मानतों. परंतु हीच वेदना शरीराच्या वेशीवरचा जागल्या आहे, ही गोष्ट ती नाहींशी झाल्याखेरीज सहसा ध्यानांत येत नाहीं. वहाणेंत खडा शिरला तर चार पावलांत आपण थांबतों, वहाण झटकतों आणि पुढें जातों. ज्याच्या तळव्याची संवेदनाच गेली आहे तो मनुष्य त्याच खड्यावर भोरच्या बाजारांतून घरापर्यंत चालत येतो, आणि फरशीवरचा रक्ताचा डाग पाहून घरांतलीं माणसें एकमेकांना विचारतात, "हें कोणाचें?" ज्याचें रक्त असतें तोहि इतरांबरोबर शोध करूं लागतो.

मधुमेह्याच्या पायाची सारी कथा या एका प्रश्नांत आली आहे. ती आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. मधुमेही माणसाला ज्या पिडका उठतात त्या शरीराच्या अधोभागीं उठतात, हें सुश्रुतानें नमूद करून ठेविलें आहे. नवें आहे तें रोगाचें प्रमाण. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें २०२१ सालीं या देशांत मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरांत होती.

हा रोग गादीवर बसून तूपसाखर खाणाऱ्या स्थूल माणसांचा, असा समज अजून कित्येक घरांत आहे. तो खोडून काढणारा पुरावा फार दूरचा नाहीं. तो पुण्याचाच आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचें एक छायाचित्र २००४ सालीं प्रसिद्ध केलें. उंचीशीं वजनाचें जें प्रमाण काढतात तें दोघांचें तंतोतंत सारखें, म्हणजे २२.३ होतें. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगांत २१.२ टक्के निघाली! वरून कृश, आंतून मेदयुक्त, अशी आपली घडण आहे. तेव्हां डोंगर चढणारा, अंगानें काटक असा मावळांतील मनुष्यहि या रोगापासून सुरक्षित आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

तळवा मुका कां होतो

रक्तांतील वाढलेली साखर वर्षानुवर्षें राहिली म्हणजे बारीक ज्ञानतंतूंना इजा पोहोंचते. ज्या तंतूंची लांबी अधिक ते आधीं बाधित होतात, म्हणून प्रारंभ पायाच्या बोटांपासून होतो. प्रथम मुंग्या येतात, रात्रीं तळव्यांची आग होते, कापसावरून चालल्यासारखें वाटतें. पुढें एके दिवशीं ही आग थांबते. रोगी म्हणतो, "आतां बरें आहे." घरचींहि समाधान मानतात. वस्तुतः पुष्कळदां तेथें सुधारणा झालेली नसते. तक्रार करणारा तंतूच मुका झालेला असतो.

याच सुमारास दुसरे बदल चालू असतात. घाम कमी झाल्यानें कातडी कोरडी पडते व टांचेला भेगा पडतात. पायाचे लहान स्नायू झिजल्यामुळें बोटें आंकसतात आणि शरीराचा सारा भार चवड्याच्या दोनतीन टोकांवर येतो. तेथें घट्टा धरतो. हा घट्टा म्हणजे कातडीनें केलेला बचाव खरा, पण तो वाढला म्हणजे आंतल्या मांसाला खड्यासारखाच रुततो. त्याच्याखालीं रक्त झिरपतें, पाणी धरतें, आणि वरून सारें ठीक दिसत असतां आंत व्रण तयार होतो. त्यांतच पायाचा रक्तपुरवठा उणा असला तर तो व्रण भरून येत नाहीं, सडतो, आणि शेवटीं बोट किंवा पाय तोडण्याची वेळ येते.

मधुमेह्यांपैकीं पायाला असा व्रण जन्मांत केव्हां तरी होण्याचा संभव शेंकडा १९ ते ३४ इतका धरतात. त्याहून चिंतेची गोष्ट पुढची आहे. एकदां भरून आलेला व्रण एका वर्षाच्या आंत शेंकडा सुमारें ४० जणांना, आणि पांच वर्षांत सुमारें ६५ जणांना पुन्हां होतो. जखम भरली म्हणजे काम संपलें, असें मानणारें कुटुंब येथेंच फसतें.

वेल्लोरचा धडा

ज्याला वेदना कळत नाहीं त्याला संकटाची वर्दी दुसऱ्या कोणत्या मार्गानें द्यावी? या प्रश्नाचें उत्तर ज्या पुरुषानें शोधलें त्याचा जन्म आपल्याच देशांत, तामिळ मुलुखांतील कोल्ली डोंगरांत १९१४ सालीं झाला. त्यांचें नांव डॉ. पॉल ब्रँड. विलायतेंत शल्यविद्या शिकून १९४६ सालीं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले आणि तेथें महारोग्यांच्या हातापायांकडे त्यांचें लक्ष वेधलें. त्या काळीं सर्वत्र अशी समजूत होती कीं, महारोग्याचें मांसच नासकें असतें, म्हणून त्याचीं बोटें झडतात व जखमा भरत नाहींत. ब्रँड यांनीं निरीक्षणानें दाखवून दिलें कीं मांस नासकें नसतें. नाहींशी झालेली असते ती वेदना. दुखत नाहीं म्हणून रोगी जखमी पायावर चालत राहतो, आणि चालण्यानेंच त्या पायाचा नाश होतो. वेल्लोरच्या मंडळींनीं अशा पायांसाठीं सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला प्रचारांत आणल्या. त्याच जातीच्या चपला आज मधुमेह्यांनाहि देतात.

पुढें १९६६ सालीं ब्रँड अमेरिकेंतील कारव्हिल येथील महारोग रुग्णालयांत गेले. तेथें त्यांनीं उंदरांच्या पंजांवर यंत्रानें बेताचा दाब पुनःपुन्हां देऊन पाहिला. एका दाबानें कांहीं बिघडत नसे. तोच दाब दिवसामागून दिवस, विश्रांतीवांचून, पडत राहिला म्हणजे पंजा प्रथम तापे, सुजे, आणि मग फुटे. मध्यंतरीं विश्रांति मिळाली तर मात्र तो टिके. हा क्रम महत्त्वाचा आहे. मांस फुटण्यापूर्वीं तें तापतें. आणि ज्या ठिकाणीं वेदना बोलत नाहीं त्या ठिकाणीं हें तापणेंच बोलूं शकतें. ब्रँड यांनीं आपल्या रोग्यांच्या पायांचीं उष्णतेचीं चित्रें घेण्यास आरंभ केला तो याच विचारानें.

न दिसणाऱ्या किरणांचें चित्र

हें चित्र कसें निघतें तें थोडक्यांत पाहूं. १८०० सालीं ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांनीं लोलकांतून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें ठेवलेला पारा सर्वांहून अधिक चढला. प्रकाशाच्या कुळांतलेच, परंतु डोळ्यांस अगोचर असे ते किरण होत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. प्रत्येक उष्ण पदार्थ ते सतत बाहेर टाकीत असतो. आपलें शरीरहि टाकतें, आणि कातडी जितकी अधिक गरम तितके हे किरण अधिक.

थर्मल कॅमेरा हे किरण टिपून त्यांना रंग देतो. थंड भाग निळा, उबदार भाग पिवळा व तांबडा, अशीं दोन्ही तळव्यांचीं चित्रें शेजारीं शेजारीं दिसतात. त्यांत कोणताहि किरण शरीरांत सोडावयाचा नसतो. शरीरच जें देत असतें तें घ्यावयाचें, म्हणून अपायाची भीति नाहीं. मोबाइलला जोडतां येतील एवढे लहान कॅमेरेहि आतां निघाले आहेत.

मनुष्यामनुष्याच्या पायाच्या उष्णतेंत, इतकेंच नव्हे तर एकाच माणसाच्या सकाळच्या व दुपारच्या उष्णतेंत, पुष्कळ फरक असतो. मग "गरम" म्हणावें तें कशाशीं ताडून? याचें उत्तर सोपें व सुंदर आहे: उजव्या पायाला डाव्याची साक्ष काढावी. निरोगी माणसाचीं दोन्ही पाउलें त्याच त्या ठिकाणीं जवळजवळ सारखींच उबदार असतात. एका पायाच्या अंगठ्याखालची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेहून २.२ अंश सेल्सिअस, म्हणजे ४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक गरम निघाली तर तेथें कांहीं तरी शिजत आहे असें समजावें.

प्रयोग काय सांगतात

अमेरिकेंतील डॉ. लॅव्हरी व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतींत नेहमीं सांगितला जातो. पूर्वीं व्रण होऊन गेलेले १७३ रोगी त्यांनीं घेतले व १५ महिने पाहिले. एका गटाला नेहमींची काळजी, दुसऱ्याला त्याबरोबर आरसा घेऊन रोज पाय निरखण्याची शिस्त, आणि तिसऱ्याला किरणांवर चालणारा लहानसा उष्णतामापक दिला. पहिल्या गटांत शेंकडा २९.३, दुसऱ्यांत ३०.४, आणि तिसऱ्यांत केवळ ८.५ जणांना पुन्हां व्रण झाला. दुसऱ्या गटाचा आंकडा विचार करण्यासारखा आहे. डोळ्याला दिसूं लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ऊब त्याच्या आधीं येते. त्याच वर्षीं डॉ. आर्मस्ट्राँग यांच्या २२५ जणांच्या प्रयोगांतहि उष्णता मोजणाऱ्यांत ४.७ व न मोजणाऱ्यांत १२.२ असें प्रमाण आलें. २०१७ सालीं पायपुसण्यासारख्या एका चटईची परीक्षा झाली. तिच्यावर क्षणभर उभें राहिलें कीं दोन्ही पायांची ऊब नोंदली जाते. पुढें झालेल्या व्रणांपैकीं शेंकडा ९७ व्रणांची सूचना तिनें सरासरी ३७ दिवस अगोदर दिली. मात्र तिच्या खोट्या हांकाहि पुष्कळ होत्या. त्यांचें प्रमाण शेंकडा ५७ होतें.

इतकें वाचून वाचकांना वाटेल कीं, कॅमेरा आणला कीं काम झालें. तसें नाहीं. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाच्या साह्यानें पायासाठीं मुद्दाम उत्तम थर्मल कॅमेरा सिद्ध केला आणि महिन्यांतून एकदां रोग्यांचीं चित्रें घेतलीं. २०२० सालीं निष्कर्ष आला तो असा कीं, एवढ्यानें व्रण होण्याचें प्रमाण लक्षांत येण्याजोगें कमी झालें नाहीं. चित्र उत्तम होतें, पण दोन चित्रांच्या मध्यें तीस दिवस होते आणि त्या तीस दिवसांत रोगी चालतच होता. हॉलंडमध्यें ३०४ जणांवर झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत घरच्या घरीं उष्णता मोजणाऱ्यांत व्रण कांहींसे कमी झाले, पण निश्चित म्हणावें इतके नाहींत. ज्यांनीं इशारा मिळतांच आपलें चालणें खरोखर कमी केलें त्यांना मात्र लाभ झाला.

या सर्वांचें तात्पर्य एकच आहे. उष्णतेचें चित्र हें औषध नव्हे, ती वर्दी आहे. वर्दी रोज मिळाली पाहिजे, आणि ती मिळतांच त्या पायाला विसांवा मिळाला पाहिजे. या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याच्या हातच्या नाहींत. त्या घराच्या हातच्या आहेत.

भोर-वेल्ह्याच्या घरांत

आपल्या राज्यांत या दिशेनें काम झालें आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनीं परदेशांतील व चेन्नईच्या तज्ज्ञांसह, एक डॉक्टर व एक परिचारिका अशा जोड्यांना मधुमेही पायाची निगा शिकविण्याची योजना या शतकाच्या पहिल्या दशकांत चालविली. तिचें मर्म असें कीं मोठ्या शहरांतील शल्यवैद्यापेक्षां गांवच्या डॉक्टरानें व परिचारिकेनें वेळींच पाहिलेला घट्टा अधिक पाय वाचवितो.

ज्यांना पुणें गांठावयाचें तर घाट उतरून अर्धा दिवस मोडावा लागतो त्या भोर-वेल्ह्याकडील खेड्यांना ही गोष्ट विशेष लागू आहे. येथील पायांना संकटेंहि निराळीं. आषाढांत भाताची लावणी करतांना दिवस दिवस पाय गाळांत असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि चिखल्या म्हणजे जंतूंना उघडें दार. हिंवाळ्यांत भेगा. उन्हाळ्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा. वारीला जाणारा तर तीन आठवडे चालतो, आणि पायाला फोड आले हें त्याला भूषण वाटतें. ज्याचा तळवा जागा आहे त्यानें तें भूषण खुशाल मिरवावें. ज्याचा तळवा मुका आहे त्यानें चांगली पादत्राणें घालून चालावें. विठोबा पायांतील चपला मोजीत नाहीं.

घरांतल्या घरांतहि धोके आहेत. पाय गार पडले म्हणून शेगडीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीनें शेकणें ही प्रेमाची रीत मुक्या तळव्याला भाजून काढते. पाण्याची ऊब नेहमीं दुसऱ्यानें किंवा कोपरानें पाहावी. नराणीनें घट्टा किंवा कुरूप कोरूं नये. स्वयंपाकघरांत व देवघरांत वहाण चालत नाहीं ही अडचण खरी. पण घरांत वापरण्यासाठीं मऊ रबराचा निराळा, स्वच्छ जोड ठेवला, त्याचे पट्टेहि कापडाचे करून घेतले, तर चामड्याचा प्रश्न उरत नाहीं. जुन्या काळच्या खडावा मात्र अशा पायाला सर्वथा वर्ज्य समजाव्या.

आतां रोजच्या मोजणीविषयीं. कॅमेरा प्रत्येक घरीं असण्याची गरज नाहीं. २०२० सालच्या कोविडच्या सांथींत कपाळासमोर धरावयाचें जें उष्णतामापक घरोघरीं आलें तेंहि याच अवरक्त किरणांवर चालतें. मात्र तें ताप मोजण्याच्या खुणेवर न ठेवतां, पदार्थाच्या पृष्ठभागाची उष्णता मोजण्याच्या खुणेवर ठेवावें लागतें, आणि ती सोय सगळ्याच यंत्रांत नसते. घेतांना पाहून घ्यावी. सकाळीं रोग्याला दहापंधरा मिनिटें पाय उघडे ठेवून बसवावें. मग प्रत्येक पायाच्या सहा जागा पाहाव्या: अंगठा, चवड्यावर अंगठ्याखालीं, मधल्या बोटाखालीं व करंगळीखालीं, तळव्याचा मध्य, आणि टांच. यंत्र दर वेळीं सारख्याच अंतरावर धरावें. बारा आंकडे एका वहींत तारखेसह लिहावे. डाव्या करंगळीखालीं ३०.१ आणि उजव्या करंगळीखालीं ३२.८ निघाले तर अंतर २.७ झालें, दुसऱ्या दिवशींहि तें २.२ वा त्याहून अधिक राहिलें तर त्या पायाचें चालणें लागलीच कमी करून डॉक्टरांना वही दाखवावी. हें काम ज्याला दशांश चिन्ह समजतें असा घरांतला कोणताहि मुलगा किंवा मुलगी करूं शकते.

कांहीं बाबतींत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. सारें पाऊल तापलें, लाल झालें व सुजलें, पण दुखत मात्र फारसें नाहीं, तर आंतलीं हाडें खचण्याचा तो आरंभ असूं शकतो. पाऊल एकाएकीं गार पडलें, काळेंनिळें झालें, तर रक्तवाहिनी बंद झाल्याचा संभव असतो. जखम दिसली, वास आला, ताप भरला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. शिवाय वर्षांतून एकदां तरी डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूनें व नादकाट्यानें तळव्याची संवेदना आणि पायाची नाडी तपासून घ्यावी. ही मोजणी ज्यांची संवेदना गेली आहे, विशेषतः ज्यांना पूर्वीं व्रण होऊन गेला आहे, त्यांच्यासाठीं आहे. प्रत्येक मधुमेह्यानें रोज धास्तावून यंत्र हातीं घ्यावें असें नाहीं.

यंत्र मिळतें, वहीहि मिळते. खरी अडचण निराळीच आहे. आपल्या घरांत वडील माणसांच्या पायांवर डोकें ठेवण्याची चाल आहे. सणावारीं, परीक्षेच्या दिवशीं, प्रवासाला निघतांना आपण ते पाय शिवतों. पण ज्या बाजूला शिवतों ती वरची. तळवा कोणी पाहत नाहीं. मामंजींनीं सुनेपुढें तळवा करावा याचा त्यांना संकोच, आणि सासूबाई तर "माझ्या पायांना काय धाड भरली आहे" म्हणून पदराखालीं पाय ओढून घेतात. वृद्ध डोळ्यांना स्वतःचा तळवा दिसत नाहीं, वांकवत नाहीं, आणि दुखत नसल्यानें तक्रार करण्याचें सुचत नाहीं. म्हणून हा संकोच घरच्यांनींच मोडावयास हवा.

दुसरी अडचण विसांव्याची. वही म्हणते, पाय गरम आहे, आठ दिवस बसा. घरच्या कर्त्या पुरुषाला एक वेळ बसवितां येईल, कारण त्याचें ताट जागेवर येतें. पण जी बाई पहांटेपासून रात्रीपर्यंत चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत व माजघरापासून परसापर्यंत फिरत असते तिला कोण बसविणार? ती स्वतः बसणार नाहीं. बसलेल्या बाईची लाज वाटावी असेंच तिला लहानपणापासून शिकविलेलें आहे. तिनें बसावें म्हणून इतरांनीं उठलें पाहिजे. मुलानें पाणी भरावें, नातवानें ताटें घ्यावीं, नैवेद्य एक दिवस दुसऱ्यानें करावा. एकत्र कुटुंबाची थोरवी आपण पुष्कळ गातों. एकाचा पाय थांबला तर दहांचे चालूं लागतात, हीच ती थोरवी असेल तर ती दाखविण्याची संधि याहून चांगली कोणती?

विज्ञानानें मुक्या पायाला वाचा दिली आहे. ती ऐकण्यास रोज पांच मिनिटें लागतात, आणि ऐकल्यावर तिच्याप्रमाणें वागण्यास घरांतील कामांची थोडी वांटणी करावी लागते. एका पायाच्या मोलानें पाहिलें तर हा सौदा फार स्वस्त आहे.